एल्सीच्या बाथटबमधली बिअर

रोझबेरी, १६ फेब्रुवारी १९७५

प्रिय डॅड,

"संध्याकाळी सहा वाजता मी काय करायचं?" असं तू मला बस सुटताना खिडकीतून विचारलंस आणि मी नुसता हात हलवला. तुला वाटलं असेल, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं होतं. उत्तर येत नव्हतं म्हणून हात हलवला. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आईने ती फ्रेम करून चुलीवरच्या भिंतीला लावली, पण ह्या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही.

दोन वर्षं सहा वाजले की तू आजारी आईच्या अंघोळीचं पाणी तापवायचास. नोव्हेंबरात ती गेली, तेव्हापासून पाणी तापवायचं नाही, आणि घड्याळ काही थांबत नाही. मला माहीत आहे तू सहा वाजता उठून कुठे जातोस. नॅन्सने सांगितलं. पबमध्ये तू कोणाशी बोलत नाहीस आणि नऊला कुंपण धरत धरत घरी येतोस.

मी रागावलेली नाही. मला एक सुचलंय. तीस वर्षं तू बिअरवाल्यांसाठी हॉप्सची कडू फुलं सुकवलीस. भट्टीत नुसता हात घालून तू सांगतोस की फूल किती वाळलं. मग स्वतःची बिअर का करत नाहीस? आता कायद्याचीही आडकाठी उरली नाही. सहा वाजता तपमान बघायचं, फेस काढायचा, नोंद ठेवायची. माणसाला रोज कोणीतरी वाट बघणारं लागतं, मग ते यीस्ट का असेना.

सामान कुठलं घ्यायचं ते मी निवडून देईन. रसायनशास्त्राचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

शाळा बरी आहे, पण ह्या खाणीच्या गावात भर उन्हाळ्यातही पाऊसच आहे. घरमालकीण मिसेस क्रॅडॉक भली बाई आहे, पण कोबी तासभर शिजवते.

तुझी,
ब्रॉन


बुशी पार्क, २३ फेब्रुवारी

ब्रॉन, पोरी,

नॅन्स टिलयार्डचं तोंड एकदा शिवून टाकलं पाहिजे. शेजारीण आहे की बातमीपत्र?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो. एल्सी ह्या घरात व्हिनेगरसुद्धा झाकून ठेवायची, चॅपलमधल्या बायकांना वास येईल म्हणून. आणि तू, बाराव्या वर्षी तिच्या शेजारी बसून दारू न पिण्याच्या कार्डावर सही केलेली तिची लेक, तू मला बिअर करायला सांगतेस! दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसलो नाही. मग उठून धुण्याच्या खोलीतल्या तांब्याच्या हंड्याखालची राख काढली. कपडे उकळण्यापलीकडे त्याने काही पाहिलेलं नाही. बार्लीचं माल्ट उकळायला तो चालेल ना?

तिच्या नवऱ्याला, व्हर्नला विचारलं. तो वर्षभर करतोय. नॅन्सच्या धाकाने कोंबड्यांच्या खुराड्यामागे. त्याचं भांडं म्हणजे नवा कोरा प्लॅस्टिकचा कचऱ्याचा डबा, झाकणासकट. म्हणतो, "क्लॅरी, डबा घे, यीस्ट टाक, झाकण लाव, विसरून जा. विज्ञान कशाला पाहिजे?" मी म्हटलं, माझी मुलगी पदवीधर आहे, मला विज्ञान फुकट मिळतं.

शनिवारी दुकानात जाऊन तसलाच डबा आणू म्हणतो. तू हो म्हणालीस की आणतो.

डॅड


रोझबेरी, २ मार्च

प्रिय डॅड,

डबा आणू नकोस!

हंडा चालेल. आतून लिंबू-मीठ लावून घास, भरपूर पाण्याने धू. पण आंबवायला ठेवायचं भांडं ही सगळ्यात महत्त्वाची निवड, तिथे घाई करू नकोस. प्लॅस्टिकवर घासणीचा एक ओरखडा उठला की त्यात जंतू बिऱ्हाड करतात, मग कितीही धुवा. शिवाय ते प्लॅस्टिक कशापासून बनवलं हे दुकानदारालाही सांगता येणार नाही. आणि मला मनापासून वाटतं, घरात चांगली वस्तू पडून असताना नवं प्लॅस्टिक विकत घेणं हे पापच आहे.

नाशपातीच्या झाडाखाली आईचा बाथटब पडलाय.

तिला त्याच्या काठावरून पाय टाकता येईना म्हणून तू तो उपटून बाहेर काढलास, त्या दिवशी तू जेवला नव्हतास. तेव्हापासून वासरू त्यातून पाणी पितं. डॅड, तो टब जाड बिडाचा आहे आणि आतून इनॅमल आहे. इनॅमल म्हणजे लोखंडावर वितळवून बसवलेली काच. काच कशातच विरघळत नाही. वासराला दोन वर्षांत काही झालं का?

तळाशी नळ ठिबकून तपकिरी डाग पडलेत ते मात्र घालवायला हवेत, त्यांत घाण धरते. हार्डवेअरवाल्याकडून ॲसिड घे. हातमोजे घाल. ॲसिड पाण्यात ओत, पाणी ॲसिडमध्ये ओतू नकोस. डाग जाईपर्यंत घास. चकाकी गेली तर जाऊ दे, आपल्याला दिखावा नको, स्वच्छता हवी.

पाणी जायचं भोक आहे तिथे नळ बसवता येईल. फक्त यीस्टचा गाळ तळाशी बसतो, तो आधी नळातून येईल. त्यावर काय करायचं ते मला सुचत नाही, तुला सुचेल. झाकण लाकडाचं कर, घट्ट, त्याला एक भोक ठेव. सोबत पार्सल पाठवतेय: थर्मामीटर, गोडी किती उतरली ते बघायची तरंगणारी काचनळी, आणि झाकणाच्या भोकात बसवायची वाकडी नळी. हिच्यातल्या पाण्यातून आतला वायू बुडबुडत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. बाटल्यांना पत्र्याची झाकणं ठोकायचं यंत्र व्हर्नकडून उसनं घे. तेवढं त्याचं ऐकलेलं चालेल.

आईच्या टबमध्ये, सहा वाजता. मला हे फार योग्य वाटतं.

ब्रॉन


बुशी पार्क, ६ एप्रिल

ब्रॉन,

हॉप्सची तोडणी संपली, भट्टी थंड झाली, म्हणून आत्ता लिहायला बसलो.

तुझा टब झाला. मी, व्हर्न आणि ट्रॅक्टर, तिघांनी मिळून उचलून धुण्याच्या खोलीत आणला. वासरू अजून रुसलेलं आहे. जुन्या हॉप्सच्या पेटाऱ्याची चौकट होती ती खाली घातली, कमरेइतका उंच झाला. ॲसिडने दोन दिवस घासला. डोळ्यांतून पाणी आलं, पण डाग एक राहिला नाही. चकाकी गेली, तू म्हणालीस तशी. आता हात फिरवला की खडूसारखं लागतं. पण पांढरा असा की एल्सीनेही नाव ठेवलं नसतं.

गाळाचं मला सुचलं. भोकातून आत दोन इंच उभी नळी वर काढली. गाळ नळीच्या खाली बसून राहतो, वरची बिअर तेवढी नळात येते. व्हर्न दहा मिनिटं बघत राहिला. मग म्हणाला, "क्लॅरी, लेका, सगळं झालं, पण पाठ चोळायला कोणाला बोलावणार?" रोज नवं काढतो. काल म्हणे, "साबणाची वडी राहिली असेल तर फेस फुकटात!" नॅन्स कुंपणावरून ओरडली, "एल्सी थडग्यातून उठून येईल, क्लॅरी!" मी म्हटलं, येऊ दे. टब तिचाच आहे.

झाकण सेलरी-टॉप लाकडाच्या फळ्यांचं केलं, कडेला सायकलची ट्यूब चिकटवली. मंगळवारी माल्ट उकळलं, भट्टीतले मूठभर हॉप्स मी स्वतः निवडून टाकले. बुधवारी सकाळी तुझी वाकडी नळी बोलायला लागली. बुडुक. मग बराच वेळ काही नाही. मग बुडुक. मी खुर्ची तिथेच नेऊन ठेवली आहे. सहा वाजता बसतो आणि मोजतो.

पबमध्ये तीन आठवडे गेलो नाही. हे तुला सांगायचं होतं, बाकी सगळं उगाच लिहिलं.

डॅड


बुशी पार्क, ११ मे

ब्रॉन,

बसवाल्याकडे दोन बाटल्या देतो आहे, नीट उतरवून घे. आडव्या ठेवू नकोस.

बाटल्या कमी पडल्या. अर्धी बिअर टबातच ठेवली आहे, रोज सहाला नळाखाली एक जग धरतो. टबातली आता थोडी आंबटली आहे, म्हणून मी झाकण काढत नाही. पुढची खेप त्याच गाळावर टाकणार, व्हर्न म्हणतो त्याने चव मुरते.

चवीचंच तुला विचारायचं आहे. आंबट आहे, कडू आहे, ते कळतं. पण मागाहून जिभेवर काहीतरी गोडसर राहतं. माल्टची गोडी ही नव्हे, ती तुझ्या काचनळीने मोजली, संपलेली आहे. व्हर्नने एक घोट घेतला आणि जग खाली ठेवला. म्हणाला, "तुझी तुलाच लखलाभ, मला माझा कचऱ्याचा डबा बरा." त्याचं सोड, त्याची जीभ चाळीस वर्षं तंबाखूने भाजलेली.

वीस तारखेला एल्सीचा वाढदिवस. तू कार्डावर सही केलीस ती बाराव्या वर्षी. तिच्या वाढदिवशी एक घोट घेतलास तर ती रागावेल असं मला वाटत नाही. एक घोट घे आणि मला खरं सांग, गोडसर लागते का?

सुट्टीत येतेस ना? टब दाखवायचा आहे.

डॅड


रोझबेरी, २५ मे

प्रिय डॅड,

बाटल्या धडधाकट पोचल्या. वीस तारखेला एक उघडली. सुंदर आहे! हो, गोडसर लागते, अगदी हलकी. मला ती गोडी फार आवडली. हॉप्समुळे असेल, किंवा यीस्टमुळे. काळजी करू नकोस, तीच तुझ्या बिअरची ओळख समज. व्हर्नला म्हणावं, पदवीधराने प्रमाणपत्र दिलंय.

सुट्टीत मात्र यायला जमणार नाही. वर्गातल्या सात मुलांना शाळा सोडून खाणीत उतरायचं आहे. गणित पक्कं केलं तर त्यांतली दोघं-तिघं तरी पुढे शिकतील. त्यांना सुट्टीभर रोज सकाळी बसवते. तू माझ्यासाठी केलंस ते कोणीतरी त्यांच्यासाठीही करायला हवं ना?

पुढच्या खेपेला टब पूर्ण भर. मुरू दे भरपूर.

ब्रॉन


बुशी पार्क, ३ ऑगस्ट

ब्रॉन,

पत्राला उशीर झाला. थंडी फार आहे, बोटं वळत नाहीत, अक्षराला हसू नकोस.

पोट धरून येतं मधूनमधून. आठ-आठ दिवस साफ होत नाही. काही खावंसं वाटत नाही, तोंडाला पैशाचं नाणं चघळल्यासारखी चव. बिअर तेवढी जाते. टब भरलेला आहे, तू सांगितल्याप्रमाणे मुरू दिला.

एल्सीची चहाची किटली माझ्या हातून पडली. निळी. तुकडे ठेवले आहेत.

कामावर मुकादमाने एक गोष्ट तीनदा सांगितली. मला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटत होतं. तो विचित्र नजरेने बघायला लागला म्हणून कळलं.

बाकी ठीक. सहा वाजता बसतो.

डॅड


बुशी पार्क, ७ सप्टेंबर

ब्रोनविन,

तुझ्या डॅडला न सांगता लिहिते आहे. रागावायचं तर रागाव.

तुझा बाप पितो आहे. मागच्या रविवारी तो मला कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारात बसलेला सापडला. घरचा रस्ता विचारत होता, आणि घर समोर दिसत होतं! हात थरथरतात. हॉप्सच्या वेलींना दोऱ्या बांधायला सुरुवात झाली, तीस वर्षं जो माणूस डोळे मिटून गाठ मारायचा त्याला परवा एक गाठ येईना. मुकादमाने घरी पाठवला. गावातल्या डॉक्टरांकडे मीच ओढत नेला. त्यांनी एकच विचारलं, "घरी बिअर करता ना?" तो हो म्हणाला. डॉक्टरांनी वही मिटली.

व्हर्न म्हणतो, क्लॅरी रोज एकच जग घेतो, त्याने पाहिलंय. पण व्हर्नला स्वतःचे ग्लास मोजता येत नाहीत, तो दुसऱ्याचे काय मोजणार? हे खूळ तू डोक्यात घातलंस, आता तूच काढ.

नॅन्स टिलयार्ड


रोझबेरी, १० सप्टेंबर

डॅड,

नॅन्सने मला सगळं कळवलं आहे.

मी तुला रोजचं काहीतरी काम असावं म्हणून हे सुचवलं. पिण्याला आडोसा म्हणून नाही. पबमध्ये निदान चार माणसं तरी बघत होती. आता तू आईच्या टबापाशी बसून, एकटा, कोणी बघत नाही तिथे पितोस आणि मला लिहितोस की थंडीने अक्षर बिघडलं. तू माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हतास. आईला कळलं असतं तर काय झालं असतं, याचा एकदा तरी विचार केलास का?

मी इथे सात मुलांना सांगते की मनात आणलं तर माणूस आपल्या बापाच्या वाटेने जायचं टाळू शकतो. मला वाटलं नव्हतं की हे सांगताना मला तुझी लाज वाटेल.

तू ते बंद केलंस असं नॅन्सने कळवेपर्यंत मी घरी येणार नाही.

ब्रोनविन


बुशी पार्क, २१ सप्टेंबर

पोरी,

हे अक्षर नॅन्सचं आहे. माझ्या हातात पेन राहत नाही. मी सांगतो आहे, ती लिहिते आहे. मधे स्वतःचं काही घालू नकोस असं तिला बजावलं आहे. (मी घालत नाहीये. नॅन्स.)

तुझं पत्र पोचलं. तू लिहिलंस ते तुझ्या जागी बरोबर आहे. पण मी खोटं बोललो नाही. एक जग. सहा वाजता. त्यावर एक थेंब नाही. तू ठेवायला सांगितलेल्या वहीत रोजची नोंद आहे, ऑगस्टपर्यंत, तोवर लिहिता येत होतं. (वही मी पाहिली. खरं आहे, ब्रोनविन. रोज एकच रेघ आहे. मी तुला लिहिताना चुकले असेन.)

उजवा हात गेला आहे. दुखत नाही, नुसता मनगटातून खाली पडतो. दोरीवर वाळत घातलेला ओला मोजा लोंबतो तसा. उचलायला सांगितलं तर बोटं ऐकतात, मनगट ऐकत नाही. डावाही त्याच वाटेवर आहे. जग आता दोन्ही कोपरांमध्ये धरतो. व्हर्न त्यावर काही विनोद करत नाही, त्यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

तू सांगतेस तर बंद करतो. पण मग सहा वाजता काय करायचं ते तू अजून सांगितलं नाहीस.

डॅड

(तो रडतोय, पण हे लिहू नकोस म्हणाला. लवकर ये. नॅन्स.)


बुशी पार्क, २६ ऑक्टोबर

प्रिय डॅड,

हे पत्र तुला वॉर्डमधल्या सिस्टर वाचून दाखवतील. मी त्यांना सांगितलं आहे की सावकाश वाचा, आणि तो मधे कंटाळला तर थांबा, पण शेवटपर्यंत वाचा. गेल्या रविवारी मी समोर बसून हे सांगायला आले होते. तू मला एल्सी म्हणालास आणि विचारलंस, पाणी पुरेसं गरम होतं ना. मी हो म्हटलं. म्हणून आता हे लिहिते आहे.

तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हा मी रात्रीच्या जेवणाला बसले होते. मिसेस क्रॅडॉकनी विचारलं, घरी सगळं बरं आहे ना. मी ते वाक्य वाचून दाखवलं, दोरीवरच्या ओल्या मोज्याचं. त्यांनी कोबीचं भांडं खाली ठेवलं. म्हणाल्या, "त्याच्या हिरड्या बघितल्यास का? निळी रेघ आहे का दातांच्या मुळाशी?" त्यांचा नवरा लेन समुद्रापलीकडे मेनलँडवर बॅटरीच्या कारखान्यात होता. त्याचीही मनगटं अशीच पडली होती. त्याचंही पोट धरून यायचं, आणि त्यालाही डॉक्टर आधी दारुड्या म्हणाले होते. "शिसं, बाई," त्या म्हणाल्या. "ह्या गावात कोणालाही विचार. खाणीत उगाच रक्त तपासत नाहीत. तुझा बाप शिशाचं काय काम करतो?"

मी म्हटलं, काहीच नाही, तो हॉप्स सुकवतो आणि बिअर करतो. हे बोलता बोलता मला टब दिसला.

डॅड, काच कशातच विरघळत नाही असं मी तुला ठामपणे लिहिलं होतं. जुन्या इनॅमलमध्ये चकाकीसाठी शिसं घालत, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं. परीक्षेत तो प्रश्न आला होता आणि त्यात मला पूर्ण मार्क होते. आंबट द्रवात शिसं उतरतं आणि ते गोडसर लागतं, हेही मला माहीत होतं. वासरू साधं पाणी पीत होतं, आंबट नाही. आणि वरचा चकाकता थर शिल्लक होता तोवर थोडा तरी आडोसा होता. तो मी तुझ्याच हाताने ॲसिडने काढवला. तू लिहिलंस, खडूसारखं लागतं. मी ते वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेले. व्हर्नच्या कचऱ्याच्या डब्याने तुला काहीही झालं नसतं.

तू मे महिन्यात पाठवलेल्या दोन्ही बाटल्या माझ्या पलंगाखाली होत्या. दोन्ही बंद. मी वाढदिवसाला बाटली उघडली नाही. आईला दिलेला शब्द मोडवेना, आणि तुला नाही म्हणवेना, म्हणून मी तुला लिहिलं की गोडसर लागते, आवडली. तू मला खरं सांग म्हणाला होतास. आंबट बिअरमध्ये साखर संपल्यावर गोडी कुठून आली, हे एका घोटानंतर मी स्वतःला विचारलं असतं. असले प्रश्न विचारता यावेत म्हणूनच तर तू मला शिकवलंस. तुझ्या जिभेने पकडलं होतं. व्हर्नच्या जिभेनेही पकडलं. प्रमाणपत्र मी दिलं, न चाखता.

एक बाटली मिसेस क्रॅडॉकच्या भाच्याकडे दिली, तो खाणीच्या प्रयोगशाळेत आहे. त्याने त्यातलं शिसं तीनदा मोजलं, कारण पहिल्या दोन वेळा त्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटलं. त्याच संध्याकाळी मी नॅन्सला फोन केला, आणि व्हर्नने तुला गाडीत घालून होबार्टच्या हॉस्पिटलात नेलं. नॅन्स म्हणते तू वाटेत विचारत होतास की आज सहा वाजता टबाकडे कोण बघणार.

तिथले डॉक्टर म्हणतात, रक्तातलं शिसं औषधाने उतरतंय. मनगटं कदाचित वर्षभरात थोडी उचलतील. विसराळूपणाबद्दल मी विचारलं तर ते म्हणाले, वाट बघू. असं म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा मी आईच्या वेळी पाहिला आहे.

शाळेतून वर्षअखेरपर्यंत रजा घेतली. सात मुलांपैकी पाच जण खाणीत लागले. टब व्हर्नने घणाने फोडला. मला फोडायचा होता, पण माझा घण नुसता घसरत राहिला, बीड जाड आहे. त्याने माझ्या हातातून घण घेतला आणि म्हणाला, "बाजूला हो, पोरी. मी त्याची एवढी थट्टा केली, निदान हे तरी करू दे." तुझी उभी नळी मी काढून ठेवली आहे. ती चांगली केली होतीस.

माझं दहा सप्टेंबरचं पत्र, तुझी लाज वाटते असं लिहिलेलं, ते तुझ्या उशीखाली सापडल्याचं सिस्टरनी मला सांगितलं. ते त्यांना द्यायला सांग. ते मी परत मागते आहे.

सहा वाजता काय करायचं याचं उत्तर मला अजूनही येत नाही. पण तू मला दोन प्रश्न विचारले होतेस, आणि दुसऱ्याचं उत्तर मला देता येण्यासारखं होतं. काल संध्याकाळी मी धुण्याच्या खोलीत तुझी खुर्ची परत नेली. आईचं कार्ड ड्रॉवरमध्ये होतं, तिच्या सहीखाली माझी, बारा वर्षांच्या मुलीची गोल गोल अक्षरं. ते मी मांडीवर ठेवलं. सहा वाजले तेव्हा दुसरी बाटली उघडली, अर्धा ग्लास ओतला आणि प्यायले. शेवटपर्यंत, सावकाश.

हो, डॅड. गोडसर लागते.

ब्रॉन